घरातलं माणूस गेल्यानंतर : औषधं आणि फाईल



औषधं लहानांच्या हाताला लागू देऊ नका, हे आपण वर्गात सांगतोच. पण ज्या घरात आजोबांचं कॅन्सरचं आजारपण निघालं, तिथे ते गेल्यावर उरलेल्या गोळ्यांचं काय? आपल्या कर्वेनगरजवळ, वारज्यात, सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करतं. शेवटचे दिवस घरीच काढणारेही पुष्कळ असतात. मग तेराव्यापर्यंत औषधांचा डबा कपाटात तसाच राहतो, आणि घर पाहुण्यांच्या पोरांनी भरलेलं असतं!

त्या डब्यात मॉर्फिन असू शकतं. दुखणं थांबवणारं हे फार मोलाचं औषध, 2014 च्या दुरुस्तीने कायद्यात 'अत्यावश्यक' ठरलेलं. पण लहान मुलाचा श्वास त्याने थांबू शकतो. फेंटानिलची पट्टी तर वापरून काढली तरी तिच्यात औषध शिल्लक असतं. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची.

मग टाकायचं कुठे? केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये 17 औषधांची यादी दिली. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल, डायझेपाम त्यात आहेत. ही घरात न ठेवता संडासात किंवा सिंकमध्ये पाण्याबरोबर सोडायची. बाकीची मात्र सोडायची नाहीत, पाणी दूषित होतं. ती कुठे द्यायची हे उपचार करणाऱ्या नर्सताईंना किंवा औषधवाल्याला विचारा. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हातात सुट्ट्या गोळ्या देऊ नका. "दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल" म्हणून मॉर्फिन शेजारी देणं तर नकोच. हेतू चांगला असला तरी नार्कोटिक्स कायद्याचा प्रश्न येतो.

आता फाईल. रुग्णाचं गुपित तो गेल्यावरही जपायचं, असं डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत आहे. आपण मात्र वर्गाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर "अमक्याच्या आजीला काय झालं होतं?" असं सहज विचारतो. शिक्षकांनी तर हे मुळीच करू नये, असं माझं स्पष्ट मत. वर्गाला "त्याची आजी वारली" एवढं पुरे. आजाराचं नाव सांगायचं की नाही ते त्या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवावं.

खोके, चिठ्ठ्या टाकताना नावाचा भाग फाडून टाका. फाईल मात्र विमा, पेन्शनची कामं होईपर्यंत ठेवा.