कधी चालू, कधी बंद
जुन्या पिकअपचा लपलेला दोष कसा शोधावा?



आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात जुनी पिकअप उभी असते. माल मंडीत न्यायचा, खत-बियाणे आणायचे, लग्नाची माणसे न्यायची आणि रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायचे, हे सारे तीच करते. अशी गाडी पार बंद पडली तर निदान कळते तरी. पण नऊ वेळा चालू होते आणि दहाव्या वेळी रुसते, ती गाडी फार फसवी. मेकॅनिककडे नेली की तिथे एका सेल्फमध्ये चालू होते आणि आपणच खोटे ठरतो!

आमचाच अनुभव सांगतो. एप्रिल 2019 मध्ये आम्ही उज्जैनच्या चिमणगंज मंडीत गहू घातला. परतताना फ्रीगंजमधल्या टावर चौकात घरच्या सामानासाठी दहा मिनिटे थांबलो. ऊन कडक होते आणि इंजिन तापलेले. किल्ली फिरवली, ‘टक’ असा एकच आवाज आला आणि पुढे काही नाही. चौकातल्या चार मुलांनी धक्का दिला, तेव्हा गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती पहिल्याच फटक्यात चालू! मेकॅनिक म्हणाला, “बॅटरी जुनी झाली असेल.” आम्ही नवी घातली. काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. दिवे लख्ख लागत, हॉर्न खणखणीत वाजे, म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही.

जानेवारी 2020 मधल्या एका थंड रात्री शेजारच्या आजोबांच्या छातीत कळ आली. त्यांना गाडीत बसवले, किल्ली फिरवली आणि पुन्हा तोच ‘टक’. धक्का मारून गाडी रस्त्याला लागेपर्यंत दहा मिनिटे गेली. आजोबा वाचले. पण त्या दहा मिनिटांत त्यांच्या घरच्यांकडे वर मान करून पाहण्याची आमची हिंमत झाली नाही. दोष शेवटी सापडला तो इंजिन आणि चासीस जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. बोल्टाखाली गंज, वर चिखलाचा थर आणि पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. बॅटरीचा खर्च फुकट गेला होता.

दिवे लागतात, मग सेल्फ का फिरत नाही?

विहिरीवरच्या मोटरीचा पाइप कुठे तरी गाळाने अर्धा बुजला, तरी बारीक तोटी सोडली की पाणी नीट येते. पण पूर्ण पाट सोडायचा म्हटले की धार पडते. विजेचेही तसेच आहे. पुढच्या दोन दिव्यांना मिळून दहाएक अँपिअर प्रवाह पुरतो. सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर लागतात आणि पहिल्या क्षणी त्याहूनही जास्त. गंजलेल्या जोडात एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच विरोध असला, तर दहा अँपिअरला व्होल्टचा दहावा भाग वाया जातो. तो कोणाला कळणार? पण दोनशे अँपिअरला त्याच जोडात दोन व्होल्ट जातात आणि सेल्फ थंड पडतो. म्हणून हॉर्न वाजला यावरून बॅटरी व जोड चांगले, असे समजू नये.

मग दोष कधी दिसतो आणि कधी लपतो, तो का? तांब्याची तार पन्नास अंशांनी तापली की तिचा विरोध सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढतो. त्यामुळे तापलेल्या इंजिनाशेजारचा सेल्फ अशक्त होतो. उलट कडक थंडीत इंजिनाचे ऑइल घट्ट होते, बॅटरीचा जोर कमी होतो आणि सेल्फवर ओझे वाढते. आमच्या पट्टीचा दोष रोजचाच होता. बेताच्या हवेत गाडी कशीबशी निभावून नेई. ऊन किंवा थंडी वाढली की ती हरे.

आधी कान द्या

गाडी रुसली की लगेच धक्का मारू नका. दोष हाती लागतो तो याच वेळी. पुढचे दिवे लावा, किल्ली फिरवा, आवाज ऐका आणि दिवे पाहा.

1. आवाज नाही आणि दिवेही विझले : बॅटरीचे टर्मिनल किंवा अर्थिंग सैल.
2. आवाज नाही, दिवे मात्र जसेच्या तसे : किल्लीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर.
3. ‘टकटकटक’ असा भराभर आवाज, दिवे मंद : बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिले.
4. एकच ‘टक’ : सोलेनॉइडचे आतले पॉइंट जळालेले, सेल्फचे कार्बन झिजलेले, नाही तर जाड केबल वा अर्थिंग खराब.
5. सेल्फ नुसता गुर्रकन फिरतो, इंजिन हलत नाही : सेल्फचा बेंडिक्स.
6. सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवतो, पण इंजिन पकडत नाही : दोष विजेच्या जाड वायरींत नाही. डिझेलमध्ये हवा शिरली आहे का, फिल्टर तुंबला आहे का, इंजिन बंद करणारा कट-ऑफ अडकला आहे का आणि थंडीत हीटर प्लग तापतात का, ते पाहावे. रात्रभर उभी गाडी सकाळी उशिरा पकडत असेल, तर डिझेलच्या नळीचे जोड व वॉशर आधी तपासावेत.

मग हात लावा : स्वस्तापासून महागाकडे

पहिले काम टर्मिनल साफ करण्याचे. बॅटरीची वजा बाजू आधी सोडावी आणि जोडताना शेवटी जोडावी. पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. पॉलिश पेपरने घासून जोड चकचकीत करावा, घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावी.

दुसरे काम अर्थिंगचे. वजा केबल चासीसला आणि इंजिनाला कुठे जोडली आहे, ते खाली वाकून पाहा. बोल्ट उघडा, रंग व गंज खरवडा. गाडी रुसलेली असताना एक सोपी परीक्षा करता येते. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. गाडी लगेच चालू झाली, तर अर्थिंगच दोषी समजावे.

तिसरे काम मीटरचे. साधा मल्टिमीटर घरात असावा. गाडी काही तास उभी असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 असावा, तेवढा नसेल तर फॅन बेल्ट आणि आल्टरनेटर पाहावा. आता मीटरची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला व दुसरी इंजिनाला लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर त्या वाटेत दोष आहे. अधिक टोक आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यामध्येही असेच मोजावे.

एवढे झाल्यावरही दोष राहिला, तर सोलेनॉइड आणि कार्बन मेकॅनिककडून तपासून घ्यावेत. नवी बॅटरी, नवा सेल्फ ही खरेदी सर्वांत शेवटी.

जिवाला जपा

सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून गाडी चालू करण्याची खोड अनेकांना असते. गाडी गिअरमध्ये राहिली तर ती चालू होताच पुढे उसळते आणि खाली वाकलेल्या माणसाच्या अंगावर जाते. हे कधीही करू नये. तपासणीच्या वेळी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड, हे तिन्ही हवेत. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी किंवा काडी पेटवू नये. अ‍ॅसिड डोळ्यांत उडाले तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवून डॉक्टरांकडे जावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो.

वही ठेवा

गाडीत एक छोटी वही ठेवावी. गाडी रुसली की तारीख, वेळ, इंजिन गार होते की तापलेले, थांबून किती वेळ झाला होता, आवाज कसा आला आणि दिवे मंद झाले का, एवढे लिहावे. डॉक्टरांना जसे “ताप केव्हा येतो, केव्हा उतरतो” हे सांगावे लागते, तसेच मेकॅनिकलाही सांगावे लागते. चार नोंदी झाल्या की दोषाची वेळ ठरते, आणि वेळ ठरली की दोष सापडतो. आमच्या दोन नोंदी, एक उन्हातली आणि एक थंडीतली, वेळीच शेजारी-शेजारी लिहिलेल्या असत्या, तर बॅटरीचे पैसे वाचले असते. आजोबांची ती दहा मिनिटेही वाचली असती.

येत्या रविवारी दुपारी अर्धा तास काढा. घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या, पाना आणि पॉलिश पेपर हातात घ्या आणि अर्थिंगचा बोल्ट उघडून पाहा. रात्री दारावर थाप पडेल, तेव्हा किल्ली एकदाच फिरवावी लागेल.