मार्क कमी पडले की कमी दिले?

निकालानंतरच्या आठवड्यात माझ्या टेबलासमोरची खुर्ची रिकामी राहत नाही. परवा एक बाबा आले, सोबत बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी. हातातल्या प्रिंटवर एका विषयाभोवती लाल गोल. "बाकी सगळीकडे साठच्या पुढे आणि कॉस्टिंगमध्ये एकतीस? मॅडम, आम्ही थेट कुलगुरूंना भेटणार." मुलगी मान खाली घालून बसलेली. मी तिलाच विचारलं, "उत्तरपत्रिका पाहिलीस?" दोघंही गप्प.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. 'पेपर चांगला गेला होता' हे आपलं मत झालं. विद्यापीठाशी भांडायचं तर ते उत्तरपत्रिकेवरच भांडावं लागतं.

आधी प्रत, मग तक्रार

निकाल लागला की परीक्षा विभागाचं परिपत्रक शोधा. त्यात साधारणपणे तीन गोष्टी असतात. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत, म्हणजे झेरॉक्स. गुणपडताळणी, म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहणं. आणि पुनर्मूल्यांकन, म्हणजे दुसऱ्या परीक्षकाने पेपर नव्याने तपासणं. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि शुल्क व नियम विद्यापीठागणिक बदलतात. पुनर्मूल्यांकनात गुण कमी झाले तर काय, हे अर्जाआधीच वाचून घ्या.

प्रत मागणं हा आता हक्क आहे. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच राज्य शिक्षण मंडळाच्या खटल्यात, पुनर्मूल्यांकनाला मनाई करणारा मंडळाचा नियम वैध ठरवला होता. 2011 मध्ये सीबीएसईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारातली 'माहिती' आहे आणि ती विद्यार्थ्याला पाहता येते. परीक्षकाचं नाव मात्र उघड करायचं नाही. पुनर्मूल्यांकन मिळेल की नाही, हे मात्र आजही त्या विद्यापीठाच्या नियमांवरच ठरतं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये पुरतात, पण उत्तराला 30 दिवस लागू शकतात. तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत निघून जाते. म्हणून आधी विद्यापीठाच्याच योजनेतून प्रत मागा; तिथे टाळाटाळ झाली तर हा मार्ग आहेच.

प्रत हातात आल्यावर

ती मुलगी प्रत घेऊन परत आली. आम्ही पेन्सिल घेऊन पानापानाने गेलो. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिने पुरवणीवर लिहिलं होतं. त्या पानांवर ना बरोबरची खूण, ना चुकीची, ना समासात गुण. मुखपृष्ठावरच्या चौथ्या चौकटीत नुसती आडवी रेघ. बाबा खुर्चीतून उठलेच! दुसऱ्या प्रश्नाला मात्र पंधरापैकी चार होते. तो वाचताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, ओव्हरहेडची वाटणी मीच चुकीच्या आधारावर केलीय."

एकाच पेपरात परीक्षकाची चूक होती आणि तिचीही. अर्जात फक्त पहिली लिहायची. आम्ही लिहिलं ते असं: 'प्रश्न 4 चे उत्तर पुरवणीच्या पृष्ठ 2 ते 4 वर आहे. त्यावर तपासणीची खूण नाही व गुण दिलेले नाहीत. कृपया पडताळणी व्हावी.' रात्रीचा दिवस करून केलेला अभ्यास किंवा घरची परिस्थिती या अर्जात येत नाही. अर्जाची पोच आणि शुल्काची पावती जपून ठेवा.

अंतर्गत गुणांचं काय?

अंतर्गत आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांना बहुतेक ठिकाणी पुनर्मूल्यांकन नसतं. "सर डूख धरतील" ही भीती इथे खोटी नाही. तरी सुरुवात त्यांच्यापासूनच करा, पण "मार्क का कापले?" असं न विचारता "सर, कुठे कमी पडलो ते दाखवाल का?" असं विचारा. असाइनमेंट कधी दिली याचा पुरावा, हजेरी, ईमेल सोबत असू द्या.

तिथे दाद लागली नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धत हा त्यात तक्रारीचा विषय आहे. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं.

पालकांसाठी

अर्ज मुलांना लिहू द्या, खिडकीवरही त्यांनाच उभं राहू द्या. उद्या नोकरीत वार्षिक मूल्यांकन चुकलं तर तुम्ही साहेबांच्या केबिनमध्ये जाणार नाही. आणि पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर केटीचा फॉर्म भरायचं टाळू नका. तो निकाल उशिरा लागला तर हातची परीक्षाही जाते.

त्या मुलीचा निकाल अजून यायचाय. काल ती अर्जाची पोच दाखवायला आली तेव्हा पिशवीत केटीच्या फॉर्मची पावतीही होती. जाता जाता तिने विचारलं, "मॅडम, कॉस्टिंगचं चांगलं पुस्तक कोणतं? ते ओव्हरहेडचं प्रकरण पुन्हा नीट करायचंय."