दारातला वसंत आणि कॅमेऱ्याचा अभ्यास

वसंत म्हटला की आपल्याला काव्यातला वसंत आठवतो. आंब्याचा मोहोर, कोकिळेचे कूजन आणि दक्षिणेकडून येणारा मंद वारा! भंडारा जिल्ह्यात मात्र या ऋतुराजाचा मुक्काम थोडा असतो. पंचांगाप्रमाणे वसंत चैत्र-वैशाखात येतो. आमच्याकडे त्याची चाहूल फाल्गुनातच लागते आणि चैत्र सरायच्या आत उन्हाचा तडाखा सुरू होतो. त्यामुळे "आपल्याकडे कसला वसंत, आणि फोटो तरी कशाचे काढायचे?" असे मित्र विचारतात. कॅमेरा हाती आला की कोकण किंवा महाबळेश्वर, निदान नागझिरा तरी गाठावे, असे त्यांना वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे. नवी जागा पाहिल्याने नवे चित्र मिळते हे खरे. परंतु नवी दृष्टी मिळते ती एकाच जागेकडे पुन्हा पुन्हा पाहिल्याने.

छायाचित्रणाचा इतिहासही याला दुजोरा देतो. फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरे टिपली. कॅमेऱ्याने घेतलेले, आज शिल्लक असलेले सर्वांत जुने छायाचित्र हेच होय. प्रागचा योसेफ सुदेक याने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. त्याने १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या खिडकीची चित्रमालिका केली. काचेवरचे दव, पावसाचे ओघळ आणि पलीकडच्या बागेतले वेडेवाकडे झाड, एवढेच त्याचे विषय. मराठीत दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये महिन्यामहिन्याने निसर्ग न्याहाळला. साधन निराळे असले तरी पाहण्याची शिस्त तीच.

हीच शिस्त अंगी बाणावी म्हणून मी एका फाल्गुनात गावाबाहेरच्या धुऱ्यावरचा एक पळस निवडला. रोज एकाच जागी उभे राहून त्याचा एकच फोटो घ्यायचा, एवढाच नियम ठेवला. "कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच" ही म्हण आपण नेहमी वापरतो. फाल्गुनात मात्र ती लटकी पडते, कारण ऐन बहरात पळसावर बहुधा पानच नसते. पहिले चार-पाच दिवस फोटो सारखेच वाटले. पुढे कळ्यांचे काळपट, मखमली देठकोश दिसू लागले. मग पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या पाकळ्या आल्या, आणि मागोमाग मधासाठी मैना व शिंजीर आले. पंधरवड्यानंतर झाडापेक्षा खाली पडलेला केशरी सडाच अधिक बोलका झाला. लाखोरी काढून झालेल्या मोकळ्या बांध्यांची पार्श्वभूमी त्याला शोभून दिसत होती. विषय बदलला नव्हता. माझे पाहणे बदलले होते.

आता थोडे तंत्राविषयी. भंडारा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २१ मार्चच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ ६९ अंश उंचीवर असतो. दहा फुटांच्या झाडाची सावली तेव्हा चार फुटांहूनही कमी पडते. सावल्या तोकड्या आणि गडद, म्हणून चित्र चपटे दिसते. याच दिवसांत सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होतो. पावणेआठपर्यंत ऊन तिरपे राहते, तेव्हा दहा फुटांच्या झाडाची सावली पंचवीस फुटांवर जाते आणि खोडाचा खडबडीतपणा, पाकळ्यांची लव स्पष्ट उठून दिसते.

दुसरा प्रश्न रंगाचा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. फुलांमागे गडद झाडी असेल तर तो प्रकाश जास्त घेतो आणि केशरी पाकळ्यांचा नुसता भडक डाग उरतो. उलट मागे उजळ आकाश असेल तर फुले काळवंडतात. म्हणून पहिल्या वेळी प्रकाश थोडा कमी करावा, दुसऱ्या वेळी वाढवावा. मोबाइलवर फुलावर बोट टेकवून, मग पडद्यावरच्या खुणेने हे सहज साधते. फिल्मचा जुना कॅमेरा असेल तर कडक उन्हासाठी सोपा नियम आहे: छिद्र एफ १६ ठेवावे आणि १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मला १/१२५ सेकंद द्यावा.

पळस ओसरता ओसरता मोह फुलतो. त्याची मांसल, दुधी रंगाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ती वेचायला माणसे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. अंगणात वाळत घातलेली हीच फुले काही दिवसांत तांबूस-तपकिरी होतात. चित्रमालिकेसाठी याहून चांगला विषय कोणता? पण येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्याला जो वसंत, तो कित्येक घरांना मिळकतीचा हंगाम आहे. वाकून वेचणाऱ्या बाईचा फोटो न विचारता काढणे हे कलेला शोभत नाही. आधी बोलावे, परवानगी घ्यावी, फोटोची प्रत नेऊन द्यावी. त्या बोलण्यातून कोणत्या झाडाची फुले आधी गळतात, कोणत्याची गोड असतात, हे कळते आणि पुढचा फोटो आपोआप सुधारतो. मोहाची फुले अस्वलालाही आवडतात. तेव्हा पहाटे जंगलात एकट्याने जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे.

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातले किंवा रस्त्यावरचे एकेक झाड प्रत्येकाने वाटून घ्यावे. फाल्गुन ते वैशाख आठवड्यातून एकदा त्याचा फोटो घ्यावा आणि तारखेसह वहीत नोंद करावी. दहा वर्षांनी ही वही वनस्पतिशास्त्र आणि भूगोल या विषयांच्या प्राध्यापकांनाही उपयोगी पडेल, कारण बहर लवकर येऊ लागला की उशिरा, हे आठवणीवरून ठरत नाही. त्याला नोंद लागते. आणि रस्त्यासाठी ते झाड उद्या तोडले गेले, तर निदान ते होते याचा पुरावा तरी राहील. पळसाला पाने तीनच, हे आपल्याला ठाऊक आहे. पण यंदा ती कोणत्या आठवड्यात फुटली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?