मावशींचा भांग (केसांतला!)

मागच्या वर्षीच्या अंकात 'आपली मेस' या पानावर माझा एक फोटो छापून आला होता, पोळ्या करणाऱ्या मावशींचा. अंक हातात आल्याबरोबर मी मोठ्या ऐटीत मेसच्या किचनमध्ये गेले. मावशींनी पदराला हात पुसले, अंक लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे गं. पण यात माझा नुसता भांगच दिसतोय की!"

खरंच की! भांग, त्याखाली कपाळ, नाकाचा शेंडा आणि मग थेट परात. चेहरा जवळजवळ नाहीच. शिवाय डोक्यातून गॅसचा पाइप उगवलेला, तो वेगळाच.

या फेब्रुवारीत कळलं की मावशी मेमध्ये काम सोडून गावी जाणार. जाताना त्यांना एकच गोष्ट हवी होती. घरी लावायला फोटो, "तव्यापाशी बसलेला". त्यांनी तो मलाच काढायला सांगितला! म्हणजे आता परत भांग काढून चालणार नव्हतं. म्हणून मित्र-मैत्रिणींनो, हा लेख. (मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठी सांभाळून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ रूममेटने तपासलंय.)

पहिल्यांदा मी दोष मोबाइलला दिला. पण चूक मोबाइलची नव्हती, माझ्या पायांची होती. मी ताट घेऊन लाइनीत उभी होते आणि तिथूनच फोटो काढला. मावशी बसतात खाली पाटावर. उभ्या माणसाला बसलेल्या माणसाचा भांगच दिसणार, दुसरं काय? आपण बहुतेक सगळे फोटो असेच काढतो, जिथे योगायोगाने उभे असतो तिथून. ही सवय जुनी आहे. १९२० च्या दशकात अनेक कॅमेरे पोटाशी धरून वापरायचे. तेव्हा रशियातले फोटोग्राफर अलेक्झांडर रॉडचेन्को या बेंबीच्या उंचीवरून काढलेल्या फोटोंना इतके वैतागले की त्यांनी त्याविरुद्ध लिहिलं, आणि स्वतः बाल्कनीतून खाली, जमिनीवरून वर असे फोटो काढत सुटले. आपली बेंबी आता डोळ्यांपर्यंत आली आहे, एवढाच फरक!

आता थोडं इंजिनिअरिंग. एन. डी. भट्ट यांच्या ड्रॉइंगच्या जाडजूड पुस्तकात पर्स्पेक्टिव्ह प्रोजेक्शनचा धडा आहे. आम्हाला तो सिलॅबसमध्ये नव्हता, म्हणून कोणी उघडला नाही. त्यात स्टेशन पॉइंट म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची जागा. ती हलली की अख्खं चित्र बदलतं. फोटोतही अगदी तेच. कुठली वस्तू कुठल्या वस्तूच्या मागे लपेल, कोण किती मोठं दिसेल, हे कॅमेऱ्याच्या जागेवर ठरतं. झूम फक्त त्याच चित्राचा तुकडा मोठा करून देतो.

पटत नसेल तर हा प्रयोग करा. मैत्रिणीला हॉस्टेलच्या इमारतीपुढे साधारण ३० मीटरवर उभं करा. आधी तिच्यापासून दीड मीटरवरून बिनझूमचा फोटो काढा. मग मागे जाऊन तिच्यापासून साडेचार मीटरवरून तीनपट झूम करून काढा. मैत्रीण दोन्हीत तेवढीच दिसेल. इमारत मात्र दुसऱ्या फोटोत जवळजवळ पावणेतीनपट मोठी! (३१.५ ला ३४.५ ने भागा, ३ ने गुणा.) पहिल्या फोटोत इमारत लांब कुठेतरी, दुसऱ्यात मैत्रिणीच्या अगदी मानगुटीवर. कुठला चांगला, ते तुम्हाला काय दाखवायचंय त्यावर आहे. पण जागेवरून न हलता नुसता झूम करून पहिल्याचा दुसरा होत नाही.

डोक्यातून उगवणाऱ्या पाइपचं गणित तर याहून सोपं. समजा माणूस २ मीटरवर आहे आणि खांब १० मीटरवर. तुम्ही ३० सेंटीमीटर उजवीकडे सरकलात की माणसाच्या तुलनेत खांब २४ सेंटीमीटर उजवीकडे सरकतो. डोकं काही तेवढं रुंद नसतं (काही सिनिअर्सचा अपवाद सोडून!). म्हणजे अर्धं पाऊल टाकलं की खांब डोक्यातून बाहेर. लांबची वस्तू तुमच्याबरोबर सरकते, हे लक्षात ठेवलं की कुठे सरकायचं ते आपोआप कळतं.

उंचीचंही तसंच. सपाट मैदानावर क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्याच उंचीवर येते. उभ्याने क्रिकेटची मॅच टिपली तर ती रेघ सगळ्या प्लेअर्सच्या मानेजवळून जाते, जवळचा असो की लांबचा, आणि डोकी मागच्या झाडीत, पार्क केलेल्या गाड्यांत हरवतात. गुडघ्यावर बसा. रेघ त्यांच्या मांडीपर्यंत उतरते आणि डोकी मोकळ्या आभाळावर येतात. पँट खराब होते, हे मान्य.

कधीकधी तर खूपच हलावं लागतं. लोहगडावर आम्ही सगळे विंचूकाट्यावर जाऊन फोटो काढत बसलो. आले काय, तर दगड, गवत आणि आम्ही! विंचवाच्या नांगीसारखा तो वळणदार आकार दिसतो गडाच्या वरच्या भागातून. नांगीवर उभं राहून नांगी कशी दिसणार? (वर कडेला जाऊन मागे सरकत सेल्फी घेऊ नका. मागे सरका म्हणते ते ग्राउंडवर.)

असो. परत मावशींकडे. रविवारची सकाळ धरली, कारण गर्दी उशिरा येते. आधी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसले. तरी उंचच. मग सरळ फरशीवर मांडी घातली. आता डोळ्याला डोळा आला. पण खिडकी त्यांच्या पाठीमागे, म्हणून चेहरा काळा. उठून तव्याच्या पलीकडे गेले, खिडकी माझ्या पाठीशी घेतली. उजेड नीट चेहऱ्यावर आला, पण इथेही पाइप होताच. वीतभर डावीकडे सरकले, गेला. मोह झाला अगदी जवळ जाण्याचा, पण गणित आठवलं. नाकाचा शेंडा कॅमेऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर कान साधारण ४२ वर, म्हणजे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठं. दीड मीटरवरून तोच आकडा १.०८. म्हणून दीड मीटर मागे बसले आणि दुप्पट झूम केला. चेहरा मावशींचाच राहिला.

तिथे बसल्यावर एक गंमत कळली. मावशींच्या जागेवरून आमची लाइन म्हणजे नुसते गुडघे आणि चपला. मी तसं म्हटलं तर मावशी हसल्या. "मग! तुम्हा पोरींना मी चपलांवरूनच ओळखते. तुझ्या उजव्या चपलेचा अंगठा शिवलेला आहे."

तेवढ्यात मी क्लिक केलं.

आठ बाय बाराची प्रिंट काढली आणि एप्रिलमध्ये मावशींना दिली. त्यांनी ती लांब धरली, मग जवळ, मग परत लांब. "आता दिसते बाई मी," म्हणाल्या. मग खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि ही बघ. तुझ्या नादात पोळी करपली."