जुन्या लाकडाचे पूर्ववृत्त

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाडे एकामागून एक उतरवले जाऊ लागल्यापासून तुळया, खांब, कड्या, पाट, चौकटी आणि बिजागऱ्यांसह उखडून काढलेली दारे यांचे ढीग जुन्या लाकडाच्या वखारींत येऊन पडत आहेत. आणि ज्यांच्या घराण्यात सुतारकी कधी नव्हती, परंतु सुटीचा दिवस रंध्याच्या आणि पटाशीच्या संगतीत घालवावा अशी ज्यांना मनापासून ओढ आहे, अशी कितीतरी माणसे त्या ढिगांतून एखादी फळी निवडून घरी नेताना दिसतात. या हौसेचे मला कौतुक वाटते. मीही तिच्यात बरीच वर्षे रमलो आहे, आणि या काळात जे पाहिले व सोसले त्यावरून नव्या मंडळींना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, ती ही की जुने लाकूड घेताना त्याचा भाव विचारण्याच्या आधी त्याचे पूर्ववृत्त विचारावे, आणि त्या पूर्ववृत्ताची खातरजमा झाल्यावाचून त्यावर करवत चालवू नये.

जुन्या सागाची महती निराधार नाही. आपल्याकडील आलापल्लीच्या अरण्यातला असो, किंवा 1863 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या व्यापाऱ्यांच्या काळात ब्रह्मदेशातून जहाजांनी आलेला असो, नैसर्गिक अरण्यात संथपणे वाढलेल्या थोराड वृक्षाच्या गाभ्याचा, म्हणजे मध्यकाष्ठाचा साग हा तेलकट, टिकाऊ आणि वाळवीला सहसा न जुमानणारा असतो, आणि छपराखाली कित्येक दशके राहिल्याने त्यातील पाणी केव्हाच निघून गेलेले असते. परंतु त्याच दशकांत त्या लाकडाला कोणी खिळे मारलेले असतात, कोणी रंग फासलेले असतात, कोणी डांबर चोपडलेले असते, आणि यातले फारच थोडे वरून दिसते.

काही वर्षांपूर्वी एका वखारवाल्याकडून मी वाड्याची एक तुळई घेतली. तिच्यात लोखंडाचा कण नाही, अशी ग्वाही त्याने मला आणि मजबरोबर आलेल्या मिस्त्रींना दिली होती. तुळई सॉ मिलमध्ये नेली, गाड्यावर चढवली, आणि पहिल्याच चिरेला निम्म्या वाटेवर असा काही कर्णकर्कश आवाज झाला की आम्ही सर्व जण मागे सरलो. क्षणार्धात बँडसॉचे पाते तुटून आवरणावर आदळले. कामगार बाजूला उभा होता म्हणून निभावले. चीर उकलून पाहिली तेव्हा आत हाताने घडवलेला चौकोनी खिळा निघाला. त्याचे डोके केव्हाच गंजून झडले होते, वरचे छिद्र मेणाने की लुकणाने बुजून गेले होते, आणि खिळ्याभोवतीचे लाकूड बोटभर लांबीपर्यंत निळसर काळे पडले होते. मिस्त्री त्या डागावरून अंगठा फिरवीत म्हणाले, ‘‘साहेब, डोकं दिसत नाही म्हणजे खिळा नाही असं नव्हे. डाग बघायचा.’’ लोखंड आणि लाकडातील तुरट द्रव्य यांचा ओलाव्यात संयोग झाला की असा काळा डाग पडतो. तो तंतूंच्या दिशेने लांबट पसरतो आणि लाकडाच्या नैसर्गिक रेषांहून वेगळा ओळखू येतो.

पात्याची किंमत कोणी भरावी यावरून पुढे जी बोलाचाली झाली ती सांगण्यात अर्थ नाही. वखारवाल्याने हात वर केले, आणि पावतीवर काहीच लिहून घेतलेले नसल्याने त्याला जाब विचारण्यास आधार उरला नाही. तेव्हापासून मी सॉ मिलवाल्याशी आधीच बोलून ठेवतो की माल जुना आहे, धातू निघाल्यास नुकसानीची जबाबदारी कोणाची. पुष्कळ सॉ मिलवाले जुना माल घेतच नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मला वाटत नाही.

शोधण्याची रीत अशी. प्रथम तारेच्या ब्रशाने चारही अंगांवरची धूळ आणि चुना झाडून काढावा, कारण चुन्याच्या पापुद्र्याखाली निम्मे खिळे दडलेले असतात. मग दोऱ्याला बांधलेले जोरकस लोहचुंबक पृष्ठभागालगत सावकाश फिरवावे. ते जिथे ओढ घेते तिथे खडूने खूण करावी. चुंबकाला पितळ कळत नाही आणि खोलवरचे लोखंडही बेताचेच कळते, म्हणून हातात धरण्याचे धातुशोधक यंत्र मिळत असेल तर घ्यावे. एका पात्याच्या किमतीपुढे ते महाग नाही. खिळा सापडला की त्याला वरून उपटण्याची घाई न करता, टोक पलीकडे निघाले असल्यास तिकडून सुंब्याने ठोकून डोके वर आणावे आणि मग पकडीने सरळ रेषेत ओढावे. जो निघत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटे सोडून तो तुकडा सरळ कापून टाकावा. लाकूड वाया गेले याची हळहळ वाटते खरी, परंतु रंध्याचे पाते आणि डोळे यांहून ते मोलाचे नाही.

दुसरा अनुभव नव्या लाकडाच्या तुकड्यांचा आहे, आणि तो अधिक चिवट निघाला. फर्निचरच्या एका कारखान्यातून सागाच्या उरल्यासुरल्या पट्ट्या मला मिळाल्या होत्या. त्या सांधून केलेली पुस्तकांची मांडणी दिसायला देखणी झाली. गडद मध्यकाष्ठाच्या शेजारी फिकट पिवळसर पट्टे असे तिचे रूप होते. पुढच्या पावसाळ्यात खालच्या कप्प्यातील पुस्तकांवर मैद्यासारखी मऊ पूड पडलेली दिसू लागली. पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. भिंगाखाली पाहिले तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढी, एक ते दोन मिलिमीटर व्यासाची छिद्रे केवळ त्या फिकट पट्ट्यांतच होती; गडद भागाला किड्याने शिवलेही नव्हते. कारण सरळ आहे. हा भुंगा लाकडातील पिष्टावर जगतो, पिष्ट असते ते झाडाच्या बाहेरच्या, जिवंत थरात, म्हणजे रसकाष्ठात, आणि साग म्हणून कोणीही कितीही गौरवले तरी सागाचे रसकाष्ठ या किड्यापासून सुरक्षित नाही. अळी आत महिनोन्महिने पोखरत असते. छिद्र दिसते ते ती भुंगा होऊन बाहेर पडल्यावर.

म्हणून कारखान्यातून आणलेले तुकडे तत्काळ कामात घेऊ नयेत. ते इतर लाकडापासून दूर, काळ्या कागदावर पसरून एक पावसाळा तसेच राहू द्यावेत. कागदावर पूड पडली तर उत्तर मिळाले. फिकट पट्टा शक्य तेथे कापून टाकावा. ठेवायचाच असेल तर पॉलिशपूर्वी, उघड्या लाकडावर, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाण्यातील द्रावण दोन-तीन हात द्यावे. पॉलिशवरून दिलेले औषध आत जात नाही, आणि कीड लागून चुकल्यावर ते फारसे उपयोगी पडत नाही. छिद्र जुने की चालू हेही पाहता येते: जुन्याच्या कडा काळवंडलेल्या असतात, ताज्यातून फिकी पूड अजून गळत असते.

पेटाऱ्यांच्या आणि पॅलेटच्या लाकडाविषयी सांगायचे तर त्याच्या अंगावर स्वतःचा दाखला छापलेला असतो, फक्त तो वाचायला हवा. देशोदेशींच्या मालाबरोबर कीड जाऊ नये म्हणून 2002 साली मान्य झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाची अक्षरे आणि प्रक्रियेची अक्षरे त्यावर डागलेली असतात. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा किमान 56 अंश सेल्सिअसवर सलग 30 मिनिटे तापवलेला. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. मी घरातील वस्तूंसाठी एचटीचेच घेतो. शिक्का नसलेल्या किंवा तेलकट डागांच्या पॅलेटवर कोणते रसायन सांडले होते हे कोणीच सांगू शकत नाही. पोळपाट, खेळणी, पाळणा यांसाठी असे लाकूड वर्ज्य समजावे. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचेही तेच. उन्हात तापले की ज्याला डांबराचा उग्र वास सुटतो, त्यात क्रिओसोट मुरलेले आहे असे धरावे. ते घरात आणू नये, भाजीच्या वाफ्याला लावू नये आणि कधीही जाळू नये.

रंगाच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते, कारण तेथे धोका दिसत नाही आणि सर्वांत आधी बाधतो तो लहान मुलांना. जुन्या दारांवर थरावर थर चढलेले असतात; पूर्वीच्या सफेद्यात, शेंदरी अस्तरात आणि पिवळ्या रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांच्या आत आणणारा नियम 2016 साली झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगाबद्दल निःशंक राहता येत नाही. असे दार कोरड्या घासकागदाने किंवा यंत्राने मुळीच घासू नये, हीट गनने जाळू नये. पाण्याने भिजवून किंवा रंग काढण्याच्या लेपाने मऊ करून खरवडावे, खाली प्लास्टिक अंथरावे, खरवड गोळा करून बांधून टाकावी आणि त्या वेळी मुलांना त्या अंगणातही येऊ देऊ नये. शक्य तर रंगाचा कपचा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तसेच, केवळ लाकडाचा भुसाही निरुपद्रवी नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीची गणना मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे. नाकावर रुमाल बांधून भागत नाही. चांगला मास्क हवा.

जुने लाकूड मुरलेले आहे म्हणून ते आता हलणार नाही, ही समजूत चुकीची आहे. मराठवाड्याच्या वैशाखात आणि कोकणच्या श्रावणात हवेतील ओलाव्याचे अंतर प्रचंड असते, आणि लाकूड ते आयुष्यभर शोषीत व सोडीत राहते. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र निश्चित, आणि वर्षवलयांच्या स्पर्शरेषेने जितके, त्याच्या सुमारे निम्मे त्रिज्येच्या दिशेने. रुंद फळ्यांचा माथा चौकटीला सरसाने किंवा स्क्रूने घट्ट जखडला तर पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात तो मधोमध तडकतो. स्क्रूची छिद्रे रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, म्हणजे माथ्याला सरकण्यास वाव राहतो. सागाच्या तेलकटपणामुळे सांधा नीट धरत नाही, यासाठी रंधून लगेच, स्पिरिटच्या फडक्याने पुसून मगच सरस लावावा. आणि जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना तेल उष्णता सोडते आणि ढिगात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या मोकळ्या हवेत दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात.

सागासारख्या मौल्यवान इमारती लाकडाच्या वाहतुकीवर 1927 च्या भारतीय वन अधिनियमान्वये राज्य सरकारांना निर्बंध घालता येतात. वाड्याचा मोठा माल गावाबाहेर न्यायचा असल्यास वन खात्याच्या कचेरीत परवान्याची चौकशी करावी आणि वखारवाल्याची पावती जपून ठेवावी, तीत लाकडाचा प्रकार, घनफूट आणि कोठून उतरवले ते लिहून घ्यावे. वस्तू पूर्ण झाली की तोच मजकूर मी तिच्या तळाशी पेन्सिलने उतरवतो: तुळई कोणत्या पेठेतली, रंग कसा काढला, बोरॅक्स दिले की नाही, तेल कोणते लावले, आणि आत एखादा खिळा राहून गेला असल्यास तो कोणत्या कडेपासून किती इंचांवर आहे.