गाण्याचा कान सोबत ने

अगं, आधी तो घोर सोड बघ. इतकी वर्षं गाणी मिक्स केली, आता सिनेमा-मालिकांच्या आवाजासाठी पुन्हा श्रीगणेशा करावा लागणार, असंच घेतलंयस ना मनात? तसं मुळीच नाही. ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब तिकडेही तेच आहेत. बदलतो तो पहिला मान कुणाला द्यायचा, एवढा हिशेब.

खरं सांगू का, पडद्यावर पहिला मान संवादाचा. गाण्यात एखादा शब्द ढोलकीखाली दबला तरी ऐकणारा ठेका धरून पुढे जातो. सिनेमात एक वाक्य निसटलं की माणूस शेजारच्याला विचारत बसतो आणि पुढचा प्रसंग हातचा जातो. म्हणून आधी संवाद स्वच्छ कर, मग त्या जागेचं वातावरण भर, मग पावलं, भांडी, कपड्यांची सळसळ, म्हणजे फोली. पार्श्वसंगीत त्यानंतर. संगीताला थांबवून ठेवणं तुझ्या जिवावर येईल, तरी ऐक माझं. 'द डिसायपल' (2020) हेडफोन लावून बघ. नायक रात्री मोटारसायकलवरून जातो, तंबोरा चालू असतो आणि सुमित्रा भावेंच्या आवाजात माई या पात्राचं बोलणं येतं. त्या दोघांना जागा कशी वाटून दिलीय, ते टिपून ठेव.

आकड्यांना घाबरू नकोस गं. गाण्याचं काम तू 44.1 किलोहर्ट्झवर करत असशील, इथे 48 लाव. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम, आपला टीव्ही 25. हे काम हातात घेतानाच विचारून घे, नाहीतर ओठ आणि शब्द जुळायचे नाहीत. 5.1 मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमध्ये राहतात. थिएटरसाठीच्या खोलीत स्पीकरची पातळी 85 डेसिबलच्या प्रमाणाला बांधलेली असते, म्हणून व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावायचा नाही. युरोपातल्या टीव्हीचं प्रमाण -23 एलयूएफएस, नेटफ्लिक्स संवादावर मोजून -27 मागतं. वाहिनीचं पत्रक आधी मागून घे, मगच मिक्सला बस.

आणि बुलडाण्यात राहून कसं शिकणार, हे रडगाणं नको. उलट बघ, तुझ्याभोवती केवढं आहे! खामगावची जिनिंग, चिखलीचा एसटी स्टँड, शेगावच्या देवळाबाहेरची टाळ-मृदंगाची दिंडी. लोणारला काठावर उभी राहून रेकॉर्ड कर, मग खाली तळ्याशी उतरून कर. जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर आहे ते. दोन्ही रेकॉर्डिंगं शेजारी ठेवून ऐकलीस की मोकळी जागा आवाजाचं काय करते, ते कुठल्याही प्लगइनपेक्षा लवकर कळेल. घरातही जिथे संवाद टिपशील, तिथे सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवून त्या खोलीची शांतता रेकॉर्ड कर. दोन वाक्यांमधली भगदाडं बुजवायला तीच लागते.

एका कलेतून दुसरीकडे जाणारी तू पहिली नाहीस. विष्णुपंत दामले मूळचे चित्रकार, पडदे रंगवणारे. बोलपट आले तेव्हा 'प्रभात' फिल्म कंपनीच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी त्यांनीच उचलली. 1932 चा 'अयोध्येचा राजा' त्याच काळातला. पुण्यात 'प्रभात'च्या आवारातच 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथला ध्वनीचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा, आणि बारावीला भौतिकशास्त्र लागतं. तरी यंदाच्या अटी स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. प्रवेश नाहीच मिळाला तर एखाद्या लघुपटाच्या सेटवर बूम धरायला जा. माईक तोंडापासून हातभर लांब गेला की काय बिघडतं, हे टेबलाशी बसून कळत नाही.

गाण्याची कामं मात्र बंद करू नकोस हं. भजनी मंडळांच्या रेकॉर्डिंगमधून हार्डडिस्कचा खर्च निघतो, आणि घरच्यांनाही धीर राहतो.

आता या आठवड्यात एकच कर. मैत्रिणीला मोबाइलवर दोन मिनिटांचा साधा प्रसंग चित्रित करायला लाव, त्याचा सगळा आवाज काढून टाक आणि नव्याने उभा कर. संवाद, वातावरण, फोली, संगीत वेगवेगळे ठेव, कारण उद्या दुसऱ्या भाषेत डबिंग करायचं ठरलं तर तेच विचारतील. झालं की मला पाठव. तुला हे जमणार आहे, मला खात्री आहे. पण एकही वाक्य कळलं नाही तर परत धाडीन, आधीच सांगून ठेवते!