संप मिटला काय रं?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटून घरी पोचायला मला रात्रीचे साडेबारा होतात. त्या रात्री आप्पा उंबऱ्यातच बसले होते. म्हणाले, "संप मिटला काय रं? पगार कधी?"

आप्पा कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये मागावर होते, २००३ साली मिल बंद पडेपर्यंत. त्यांनी संप कधी केला नव्हता. तो संप घरात मी आणला होता.

त्यांना स्मृतिभ्रंश आहे. थेरपिस्ट ताई म्हणाल्या होत्या, "जुन्या दिवसांबद्दल पानभर लिहून आणा, त्यावरून त्यांना बोलतं करू." मी चहाच्या सुट्टीत मोबाईलवरच्या एआयला 'शाहू मिल, विणकर' एवढंच सांगितलं. मिनिटभरात पान तयार! भोंगा, डब्यातली भाकरी आणि १९८२चा संप, महिनोन् महिने पगार नाही. तो संप मुंबईच्या गिरण्यांचा, अडीच लाख कामगारांचा. एआयने तो उचलून आप्पांच्या अंगावर घातला. मी धड न वाचता पान ताईंना पाठवलं. वर, मीच लिहिलंय असं भासवलं. खरी चूक ती.

तीन आठवडे ताई त्यावर बोलत होत्या आणि आप्पा "व्हय, व्हय" म्हणत होते. आठवत नाही हे झाकायला माणूस होकार देतो. मग रात्रीची झोप गेली, पैशाची काळजी सुरू झाली. ताईंनी वहीत 'संपाच्या काळातला धसका' अशी नोंद केली. गोष्ट झोपेच्या गोळीपर्यंत गेली, तेव्हा मी तोंड उघडलं. ताईंनी ती नोंद खोडली नाही. पुढे तारीख घालून लिहिलं : 'मजकूर एआयचा. प्रसंग घडलेला नाही.'

तुमच्या घरी असं कुणी असेल तर एआयकडून आठवणी लिहून घेऊ नका, प्रश्न काढून घ्या. 'डब्यात काय असायचं?', 'पाळीला कुणाबरोबर जायचात?' असे सोपे प्रश्न ते बरे काढून देतं. उत्तरं आत्याला, जुन्या शेजाऱ्याला विचारा. ज्या वाक्याला साक्षीदार नाही, ते कापा. एआयचा हात लागलेला कागद असेल तर तसं वरच लिहून थेरपिस्टकडे द्या. माणूस अचानक बिथरला तर आजार वाढला म्हणण्याआधी गेल्या आठवड्यात त्याला काय वाचून दाखवलं ते तपासा. दवाखान्याची कागदपत्रं तर मोबाईलवरच्या एआयमध्ये टाकूच नका. आणि गेलेल्या माणसांचे फोटो एआयने हलते-बोलते करून दाखवायची हौस, कृपा करून, आवरा.

आता ताई सुताचा तुटका धागा आप्पांच्या हातात देतात. नातवाचं नाव न आठवणारा माणूस क्षणात गाठ मारतो.

संपाचं मात्र अजून मधूनच विचारतात. "मिटला आप्पा, पगारबी झाला," असं सांगून मी त्यांना आत नेतो.